भोक दिसलं पाहिजे

साडूंचा कोट माझ्या हातून फाटला तो निष्काळजीपणामुळे नव्हे, फाजील काळजीमुळे फाटला. ऑफिसात साहेबांचा निरोपसमारंभ होता, आभाराचं भाषण माझ्या गळ्यात पडलं होतं आणि माझ्याजवळ कोट नव्हता. साडूंजवळ होता. करडा, अंगात बारीक निळी रेघ असलेला, चांगल्या लोकरीचा. "जपून वापरा," एवढंच ते म्हणाले, पण कोटाची बाही त्यांनी अशी काही सावकाश सोडली की मला घरी नेईपर्यंत तो कडेवर घ्यावासा वाटला. मी तो इतका जपला की समारंभ सुरू होईपर्यंत अंगात घातलाच नाही. दाराआडच्या खिळ्यावर टांगून ठेवला. मग माझं नाव पुकारलं, मी धावत गेलो आणि कोट ओढला. खिळा सोडायला तयार नव्हता. टर्र!

भोक पडलं पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, अंगठ्याच्या नखाएवढं. तेवढा तुकडा खिळ्याने ठेवून घेतला. मी सगळं भाषण भिंतीला पाठ लावून केलं. लोकांना वाटलं, साहेब चालले म्हणून याला धड उभंही राहवत नाहीये. साहेबांनी स्वतः माझ्यासाठी पाणी मागवलं.

घरी आल्यावर बायकोने कोट दिव्यासमोर धरला. भोकातून आधी दिवा दिसला आणि मग तिचा डोळा.

"मामांकडे जा," ती म्हणाली. "आणि ताईला यातलं अक्षर कळता कामा नये."

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, माझे मामेसासरे. ते रफू करतात. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या एका लाँड्रीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लागून त्यांची एक लाकडी खुर्ची आहे. तिला हात नाहीत, कारण खुर्चीला हात असले की माणसाच्या हाताची कोपरं अडतात. मामा सकाळी येतात, चष्मा पुसतात, आणि मग संध्याकाळपर्यंत लोकांच्या कपड्यांना पडलेली भोकं नाहीशी करतात. बुजवतात म्हटलेलं त्यांना चालत नाही. बुजवतो तो गवंडी. मामा त्याच कपड्याच्या आतल्या मुडपीतून चार-दोन धागे सोडवून घेतात, बारीक सुईत ओवतात आणि भोकावर उभे-आडवे असे विणत जातात की कापडालाही आपल्याला काही झालं होतं याची आठवण राहू नये.

या धंद्याची एक गंमत आहे. रंगाऱ्याने दिलेला रंग दिसतो, सुताराने केलेलं टेबल दिसतं, न्हाव्याने केलेला घोटाळा तर लांबूनही दिसतो. मामांचं काम दिसलं, तर ते बिघडलेलं असतं. आणि साधलं, तर गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून विचारतं, "पण भोक होतं कुठे?" ते मामांनाही सांगता येत नाही. एक गृहस्थ तर हट्टालाच पेटले होते, की हा माझा कोट नव्हेच, माझ्या कोटाला भोक होतं. मामांनी त्यांना शांतपणे विचारलं, "पाडून देऊ का?" गृहस्थ निघून गेले, पण त्या दिवसापासून लाँड्रीत मामांच्या जिभेविषयीही बोललं जाऊ लागलं.

तशी मामांची जीभ सुईपेक्षा जास्त चालते. माणसाच्या चेहऱ्याकडे ते बघत नाहीत. कुणी समोर आलं की त्यांची नजर थेट कोपर, खिसा, गुडघा अशी उतरत जाते, आणि मग मत येतं. "हे कुणी शिवलं? शिवलं की बांधलं?" चार लोक जमतील अशा कार्यक्रमात ते पाहुण्यांच्या मागून फिरतात, आपण केलेलं एखादं जुनं काम सापडतंय का बघत. सापडत नाही. सापडत नाही म्हणून खूश होतात, आणि कुणाला दाखवता येत नाही म्हणून घरी येताना मामींवर चिडतात.

मामींचं म्हणणं थोडक्यात असं: "ह्यांनी जन्मभर काय केलं, हे एकट्या ह्यांनाच माहीत. आपण विश्वास ठेवायचा."

मी कोट घेऊन लाँड्रीत गेलो तेव्हा मामा कामात नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते. मी कोट पुढे केला. त्यांनी भोकात करंगळी घालून बघितली, कडेचे धागे फुंकर मारून उठवले आणि एकदम म्हणाले, "वा!"

"काय झालं?"

"उत्तम भोक आहे. अशी आता पडत नाहीत. हल्ली नुसतं चिरतात लोक. खिळा ना?"

"हो. पण मामा, लवकर द्याल ना? साडूंचा आहे."

"देणार नाही," मामा म्हणाले. "तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, जावईबापू?"

माझ्याकडे कॅमेरा आहे. जुना, जड, हौसेने घेतलेला आणि हौस फिटल्यावर कपाटात ठेवलेला. पण कोट आणि कॅमेरा यांचा काय संबंध, ते मला कळेना. मग मामांनी आवाज खाली आणून सगळं सांगितलं. आवाज खाली आणलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

लाँड्रीचे जुने मालक थकले होते आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला होता. या बाई कामसू, हुशार आणि बोलायला इतक्या मऊ की त्यांच्यावर रागवायला जागाच सापडत नाही. त्यांनी वाफेवर चालणारं इस्त्रीचं एक मोठं मशीन मागवलं होतं, आणि त्याला जागा काढली होती खिडकीजवळ. मामांना त्या म्हणाल्या होत्या, "काका, तुम्ही आत कपाटामागे बसा. मी मोठी ट्यूबलाइट लावून देते."

"ट्यूबलाइटमध्ये काळा आणि गडद निळा एकच दिसतो, बाई."

"मग काळे-निळे कपडे घेऊच नका."

आता लोक रफूला आणतात ते बहुतेक कोट, आणि कोट बहुतेक काळे नाहीतर निळे. शिंप्याला उंच माणसांची मापं घेऊ नका म्हणण्यासारखंच ते. कपाटामागे जायचं म्हणजे काम बंद, आणि मामांचं काम बंद म्हणजे काय, ते मामी अचूक सांगत होत्या: "दिवसभर घरी बसले तर पडद्यांना भोकं पाडतील आणि परत विणत बसतील."

मामा बाईंशी भांडले. बाई भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगू? मी लहानपणापासून इथे येते. तुमचं काम मला कधी दिसलंच नाही. लोकांनाही दिसत नाही. काहीतरी दाखवा ना. फोटो आणा. आधीचा, नंतरचा. लोक थांबून बघायला लागले तर तुमची खुर्ची कुणी हलवणार नाही. मशीन मी दुसरीकडे बसवेन." आणि मशीन महिनाअखेरीस यायचं होतं.

म्हणून कॅमेरा.

आम्ही सुरुवात साध्या कामाने केली. एक तपकिरी कोट आला होता. भोकासकट त्याचा फोटो काढला, मामांनी रफू केलं, मग पुन्हा काढला. दोन्ही फोटो बाईंना दाखवले. त्यांनी ते आळीपाळीने बघितले आणि फार सौम्यपणे विचारलं, "हे दोन वेगळे कोट आहेत ना, काका?"

मामांचे कान लाल झाले. त्यांच्या कामाची याहून मोठी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि ती त्यांना खुर्चीवरून उठवत होती.

"मधला पाहिजे," मामा मला बाहेर नेऊन म्हणाले. "अर्धं भोक मिटलेलं, अर्धं उघडं. भोक दिसलं पाहिजे आणि जाताना दिसलं पाहिजे. शेवटचे धागे ओढतो ना आपण, तेव्हा कापड आपलं आपण मिटतं. तेवढं धरा."

"धरतो की. त्यात काय!"

त्यात बरंच काही होतं. ते मिटणं डोळ्याच्या पापणीइतकं टिकतं. मामा म्हणत, "आता!" आणि मी बटण दाबेपर्यंत कापड शहाण्यासारखं गप्प झालेलं असे. शिवाय उजेड खिडकीतून, आणि खिडकीत माझं डोकं. "तुमचं डोकं काढा," मामा ओरडत. डोकं काढलं की मला काही दिसत नसे. मग कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून त्यातला टायमर लावून बघितला. तो फोटो काढायच्या आधी टिक्-टिक् करतो. मामांनी ते ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. फोटोत आलं एक भोक, आणि त्याच्या शेजारी सुई टोचलेला अंगठा.

यात भोकं संपू लागली. प्रत्येक प्रयत्नाला एक भोक लागे, आणि मामांना अर्धवट भोक सोडून उठताच येत नसे. फोटो चुकला तरी ते पूर्ण करत आणि मगच कपाळाला हात लावत. घरातले जुने कपडे संपल्यावर त्यांनी मामींच्या शालीकडे बघितलं. मामींनी शाल अंगावर घेतली ती दुपारच्या उकाड्यातही काढली नाही. मुख्य भोक, म्हणजे साडूंच्या कोटाचं, मात्र मामांनी राखून ठेवलं होतं. एवढी स्वच्छ कड, अशी रेघ असलेलं कापड पुन्हा मिळणार नाही, म्हणून ते शेवटच्या, खऱ्या फोटोसाठी. मी काकुळतीला येऊन सांगितलं की साडू विचारतायत. बायकोने ताईला "कोट लाँड्रीत दिलाय" असं कळवून टाकलं होतं. ते खोटं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

सगळ्याचं मूळ एकच होतं. मामांचे दोन्ही हात गुंतलेले. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कापड ताणलेलं, उजव्या हातात सुई. यातलं एक बोट जरी हललं तरी सगळे धागे सैल. आणि योग्य क्षण कळायचा तो फक्त त्यांना. म्हणजे बटण त्यांनीच दाबायला हवं, पण हात न लावता. फोटोच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, याचा रिमोट असतो. पण तुमचं हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला.

"आपण करू," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या आयुष्यात जिथेजिथे आलंय तिथून पुढे गोष्टी लांबल्या आहेत.

कॅमेऱ्याच्या कुशीला रबरी झाकणाखाली एक छोटं छिद्र असतं, रिमोटची पिन घालायला. माझ्या पहिल्यावहिल्या मोबाइलच्या इअरफोनची पिन त्यात बरोबर बसली. मी इअरफोनची दोन्ही बोंडं कापून टाकली. वायर मधेच कुठेतरी कापून सोलली तर आत केसासारख्या तीन बारीक तारा. त्यांच्यावर लाखेसारखा थर असतो, तो काडीने जाळला. तीनही उघडी टोकं एकमेकांना लावली आणि कॅमेरा म्हणाला, "खट्."

मामा दचकले. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू जावई म्हणून इतकी वर्षं केलेला खर्च अगदीच वाया गेला नाही.

"झालं तर मग! आता या तारांना एक बटण जोडलं की झालं," मी म्हणालो. "ते मी उद्या करतो." आणि वायर त्यांच्या टेबलावर ठेवून ऑफिसला गेलो. चूक माझी एवढीच. फाटकी, चिरलेली, टोकं निघालेली वस्तू मी रफू करणाऱ्या माणसासमोर ठेवून गेलो होतो.

मामांनी भिंग लावून वायर बघितली. तांब्याच्या तारांच्या आत, अगदी मधोमध, त्यांना दिसला रेशमासारखा एक धागा. इअरफोनच्या वायरीत असतो तो, तार तुटू नये म्हणून. "अगं, यात धागा आहे!" असं ते मोठ्याने म्हणाले, ते कुणाला, ते कळलं नाही, कारण मामी घरी होत्या. आजवर विजेच्या वस्तूंना ते हात लावत नसत. पण जिच्यात धागा आहे ती वस्तू परकी कशी? जावईबापूंनी कापाकापी केली, तारा उघड्या ठेवल्या, हे काही बरं नाही. नीट करून ठेवू. उद्या त्यांना बटण लावायला सोपं जाईल. त्यांनी कापलेला तुकडा शोधून काढला, सगळ्यांत बारीक सुई घेतली आणि दुपारभर बसून ती वायर रफू केली. तीनही तारा एकमेकींत गुंफून, वर तो रेशमी धागा, आणि त्यावर वायरीची साल ओढून.

दुसऱ्या दिवशी मी पिन कॅमेऱ्यात घातली मात्र, कॅमेऱ्याला उलटी झाली. खट् खट् खट् खट्! थांबेचना. छताचे फोटो, पंख्याचे फोटो, माझ्या उघड्या तोंडाचे फोटो. पिन उपटली तेव्हा शांत झाला.

"तारा कुठेतरी चिकटल्यात," मी म्हणालो. "मामा, काल कुठे कापली होती आपण?"

मामांनी वायर हातात घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग भिंग घेतलं. मग मला दिलं. मला काही दिसलं नाही. संध्याकाळी वायर आणि कॅमेरा मामांच्या घरी नेऊन मामींच्या बोटांनाही विचारलं. वायर जशी कारखान्यातून निघाली तशी होती.

"सापडत नाही ना?" मामा म्हणाले.

"नाही!"

"मग!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की खुर्ची, मशीन, महिनाअखेर, सगळं क्षणभर विसरले असावेत. मामींनी आठवण करून दिली, "अहो, मग काय मग? आता बसा कपाटामागे."

वायर पुन्हा कापायची हे ठरलं. "माझ्या रफूवर कात्री नाही चालवायची," मामा म्हणाले. पण रफू कुठे आहे तेच माहीत नसल्यावर कात्री कुठे चालवायची नाही, हे कसं ठरवणार? एका जागी कापली. कॅमेरा बरळतच राहिला. म्हणजे रफू अजून पिनेच्या बाजूलाच होतं. आणखी अलीकडे कापली. पुन्हा खट् खट्. आणखी अलीकडे. प्रत्येक वेळी मामा डोळे मिटून घेत. कॅमेरा गप्प झाला तेव्हा आमच्या हातात उरली होती जेमतेम वीतभर वायर.

वीतभर वायर म्हणजे दूरचं बटण कसलं? कॅमेरा आणि माणूस यांना एकमेकांच्या कुशीत झोपवायचं झालं. मी हिरमुसलो. मामी दोरीवरचे कपडे काढत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "गळ्यात बांधा की मग. हनुवटीखाली. आणि दात आहेत ना रिकामे? सारखे बोलतच असतात."

मामींनी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. आम्ही ते तसंच केलं.

कपड्यांचा लाकडी चिमटा घेतला. त्याच्या जबड्यात आतून दोन पितळी टाचण्या समोरासमोर ठोकल्या. एका टाचणीला एक तार, दुसरीला उरलेल्या दोन. चिमट्याच्या मागच्या शेपट्या मामांनी दातांत दाबून धरायच्या. म्हणजे जबडा उघडा, टाचण्या लांब, कॅमेरा गप्प. दात सोडले की चिमटा मिटतो, टाचण्या भिडतात, खट्! कॅमेरा गळ्यात, तोंड खाली हातांकडे; तो हलू नये म्हणून पाठीमागून मामींच्या जुन्या पिशवीचा पट्टा; चिमटा पडू नये म्हणून त्याला दोरी, आणि दोरी दोन्ही कानांवर. आरशात बघून मामा म्हणाले, "मसा माय दिमतोय मी?" आणि आरशाचा फोटो निघाला.

कारण तोच तर घोळ होता. मामा बोलले की फोटो निघे. "रविवारी मिळेल" म्हटलं, खट्. "मी नाही शिवलं हे" म्हटलं, खट्. दोन दिवसांत कॅमेऱ्यात साठली ती नुसती गिऱ्हाइकांची पोटं. उलट जो क्षण पाहिजे तो निघेना, कारण शेवटचा धागा ओढताना मामांचे दात आपोआप घट्ट आवळले जात. सगळ्या आयुष्याची सवय ती. जिथे तोंड उघडायचं तिथे मिटायचं आणि जिथे मिटायचं तिथे उघडायचं, यावर मामी म्हणाल्या, "हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय."

तरी मामांनी जिद्द सोडली नाही. तोंडात चिमटा धरून ते गप्प बसायला शिकले. गिऱ्हाईक काही विचारी, मामा मान हलवत. बाजारात बातमी पसरली की रफूवाल्यांना काहीतरी झालंय. दोघे-तिघे तर मुद्दाम फाटलेलं काहीतरी घेऊन चौकशीला आले. एका आजोबांनी जाताना खांद्यावर हात ठेवून "होईल बरं" म्हटलं. मामांच्या डोळ्यांत त्यांच्या शर्टाच्या कॉलरविषयीचं मत स्पष्ट दिसत होतं, पण चिमटा सुटला नाही.

महिनाअखेर जवळ आली तशी मामांनी साडूंचा कोट काढला. मी मुद्दाम रजा घेऊन आलो होतो. माझं काम एवढंच, की खिडकीत उभं राहायचं नाही. सकाळचा कोवळा, सावली न पाडणारा उजेड होता. मुडपीतून त्यांनी करडे धागे सोडवले, रेघेसाठी दोन निळे वेगळे काढले. उभे धागे भरले. मग आडवे. सुई खाली जाई, वर येई, आणि भोक कडेकडेने आत सरकत होतं. कोट माझ्या साडूंचा होता, खुर्ची मामांची होती, आणि दोन्ही एकाच सुईला लटकलेली. निळी रेघ भोकाच्या वरच्या कडेवर येऊन थांबली होती, खालच्या कडेवर तिचं दुसरं टोक वाट बघत होतं. मामांनी शेवटचे धागे बोटात घेतले. ओढायला लागले. दात आवळलेले. मला दिसत होतं की याही वेळी ते सुटणार नाहीत.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाई आत आल्या. मागून चार हमाल, आणि त्यांच्यामध्ये गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी कपाटाएवढं.

"काका," बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मशीन आलं. जरा खुर्ची घेता का बाजूला?"

मामांचा जबडा खाली पडला.

खट्!

हात मात्र हलले नाहीत. जबडा मालकिणीचं ऐकतो, हात ऐकत नाहीत, असा तो माणूस. धागे ओढले गेले, कापड मिटलं, निळी रेघ निळ्या रेघेला मिळाली, आणि मग मामांनी सुई कॉलरला खोचून वर बघितलं. हमाल मशीन खाली ठेवू की नको या बेतात वाकून उभे होते.

मी कॅमेरा मामांच्या गळ्यातून सोडवला आणि मागच्या पडद्यावर फोटो बघितला. तो माझ्या उंचीवरून नव्हता, तिकाटण्यावरून नव्हता. मामांना रोज जे दिसतं तेच त्यात होतं. दोन म्हातारी बोटं, त्यांवर ताणलेलं कापड, त्यात अर्ध्यावर मिटत आलेलं भोक, तारांसारखे ताठ उभे धागे, आणि त्यांच्यामधून वाट काढत निघालेली एक निळी रेघ. मी कॅमेरा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी बघितलं. मग कोट घेतला, पाठीवरून हात फिरवला, खिडकीकडे नेला, परत आणला. पुन्हा फोटो बघितला.

"काका, हे तुम्ही रोज करता?"

"रोज."

"इथे? माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर," मामा म्हणाले. चिमटा एका कानाला लोंबत होता.

बाई हमालांकडे वळल्या. "मशीन आत न्या. कपाटामागे."

साडूंचा कोट मी त्याच संध्याकाळी पोचवला. त्यांनी दिव्यासमोर धरून बघितला, आतून बघितला, आणि "जपलात हो!" म्हणाले. मी मान खाली घातली. माझा नम्रपणा त्यांना फार आवडला.

बाईंचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनावर घेतली की अर्धवट करायची नाही. आधी शोकेसमध्ये लावलेल्या छोट्या फोटोने त्यांचं समाधान होईना. त्यांनी तो मोठा करून घेतला. मोठा म्हणजे किती? तर दर्शनी खिडकीएवढा. चिकट कागदावर छापून, काचेवर वरपासून खालपर्यंत, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, एकही बुडबुडा न राहू देता लावला. वर अक्षरं: "इथे रफू होतं. दिसत नाही." आणि लोक खरंच थांबायला लागले. मी बघायला गेलो त्या दिवशी पदपथावर घोळका होता, आणि घोळक्यात साडूही होते, नेमका तोच कोट घालून. परातीएवढं ते भोक ते बराच वेळ न्याहाळत होते.

"काय सुंदर कापड आहे," मला बघून ते हळहळले. "कुणा गाढवाने फाडलं असेल हो?"

"काही सांगता येत नाही," मी म्हणालो आणि घाईने आत शिरलो.

आत डोळ्यांपुढे अंधार आला. आधी वाटलं उन्हातून आल्यामुळे. मग लक्षात आलं की दुकानातच अंधार आहे. खिडकीतून येतो तेवढा उजेड मामांच्या बोटांनी अडवला होता; एकेक बोट खांबाएवढं. त्या खिडकीखाली, आपल्या हक्काच्या जागी, मामांची खुर्ची नव्हती. ती दारात सापडली, उंबऱ्याला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. तिच्यावर मामा पाठीत वाकून बसले होते, मांडीवर एक काळा कोट घेऊन, आणि गिऱ्हाईक आलं की दोन्ही गुडघे आत घेत होते. कॅमेरा नव्हता, तोंडात चिमटा नव्हता, तरी ते काही बोलत नव्हते.

बाईंना सांगावं, तर त्या आत कुणाला तरी मोठ्या अभिमानाने या फोटोबद्दलच सांगत होत्या. मामांना काही बरं वाटेलसं बोलावं म्हणून मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो.

"मामा," मी म्हणालो, "काहीही म्हणा, इतकी वर्षं जे कुणालाच दिसलं नाही ते आज सगळं गाव उभं राहून बघतंय. कसं वाटतंय तुम्हाला?"

मामांनी वर न बघता सुई थांबवली.

"दारातून सरका, काळा की निळा ते दिसेना."